काचेवरची सोनेरी किनार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

तसबिरीच्या काचेवर मागच्या बाजूने रंग आणि सोन्याचा वर्ख लावून किनार कशी काढतात, याबद्दल बरीच पत्रे आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. सगळीकडे एकच गोष्ट गृहीत धरली आहे : काम काचेच्या पाठीवर, पाहायचे पुढून. त्यामुळे जे आधी लावाल ते सगळ्यांत पुढे दिसते आणि जे शेवटी लावाल ते सगळ्यांत मागे राहते. बहुतेक चुका हा क्रम विसरल्यामुळेच होतात.

प्रश्न : नमुना काचेखाली ठेवून नीट गिरवला. तरी काच पलटल्यावर चारही कोपऱ्यांतली स्वस्तिके उलटी झाली आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला. चूक कुठे झाली? (एक वाचक, कराड)

नमुना सरळ ठेवला, ही चूक. काच टेबलावर पाठ वर करून ठेवली आणि खाली नमुन्याचा कागद तोंड वर करून ठेवला, तर तुम्हाला नमुना सरळ दिसतो आणि तुम्ही तो पाठीवर सरळ गिरवता. पुढून पाहणाऱ्याला तो आरशातल्यासारखा उलटा दिसणारच. म्हणून नमुना ट्रेसिंग पेपरवर काढा, पेपर पलटा आणि रेघांची बाजू खाली करून काचेखाली चिकटवा. पेपर पारदर्शक असल्याने रेघा दिसतात, पण उलट्या. त्याच उलट्या रेघा गिरवायच्या.

खात्रीसाठी एक सोपी सवय लावून घ्या. नमुन्याच्या कोपऱ्यात, किनारीच्या बाहेर, पेन्सिलीने ‘श्री’ लिहून ठेवा. काम करताना ते ‘श्री’ उलटे दिसत असेल तर सगळे बरोबर आहे. सरळ दिसले तर तिथेच थांबा.

कोयऱ्यांच्या किनारीत हाच घोटाळा वेगळ्या रूपात होतो. सगळ्या कोयऱ्या एकाच दिशेला झुकलेल्या असतील तर त्या उलट दिशेला झुकतात. ते चालत नसेल तर बाजूच्या मध्यापासून दोन्हीकडे समोरासमोर झुकणाऱ्या कोयऱ्या काढा, म्हणजे उलटे-सुलटे हा प्रश्नच उरत नाही.

झालेले काम ऑइल इनॅमलचे असेल तर टर्पेंटाइनचा बोळा दहा मिनिटे ठेवून मऊ करा आणि ब्लेड आडवे धरून खरवडून काढा. काच वाया जात नाही.

प्रश्न : वेलबुट्टी कोपऱ्यात येऊन अर्धवट तुटते. आधी माप कसे काढावे? (एक वाचक, नाशिक)

कोपरे आधी, बाजू नंतर. आणि त्याही आधी फ्रेमची खाच किती काच गिळते ते मोजा. नेहमीच्या लाकडी पट्टीच्या फ्रेमच्या खाचेत काचेची कड साधारण ५ ते ६ मिमी आत जाते. हे न मोजता काचेच्या कडेपासून किनार सुरू केली, तर बाहेरची रेघ फ्रेमखाली नाहीशी होते.

३०० × ४०० मिमीची काच घेऊ. चारही बाजूंनी ८ मिमी मोकळे सोडले की बाहेरचा आयत २८४ × ३८४ उरतो. किनारीची रुंदी २२ मिमी धरली तर प्रत्येक कोपऱ्यात २२ × २२चा चौकोन बसतो, आणि बाजू उरतात २४० आणि ३४० मिमी. एक बुट्टी ४० मिमीची ठरवली तर आडव्या बाजूला बरोबर सहा बसतात. उभ्या बाजूला मात्र साडेआठ येतात. तिथे आठच घ्या आणि प्रत्येक बुट्टी ४२.५ मिमी करा. अडीच मिमीचा फरक डोळ्याला कळत नाही, पण अर्धी तुटलेली बुट्टी पहिल्या नजरेत कळते. कोपऱ्यात वेल वळवण्याचा हट्ट धरू नका. तिथे स्वतंत्र फूल किंवा चौकट काढली तर काम स्वच्छ दिसते.

प्रश्न : मिठाईवर लावतात तो वर्ख चालेल का? बाजारात ‘गोल्ड लीफ’ म्हणून अगदी स्वस्त पानेही मिळतात. फरक काय? (दोन वाचक, सोलापूर आणि ठाणे)

स्वस्त पाने बहुतेक वेळा पितळेची असतात, म्हणजे तांबे आणि जस्त. त्यांचा आकार साधारण १४० × १४० मिमी असतो आणि ती चिमटीत उचलता येतात. मुलाम्यासाठीचे खरे सोन्याचे पान साधारण ८० × ८० मिमी असते, एका पुस्तिकेत २५ पाने येतात, आणि जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. ते बोटाने उचलूच नका, बोटावरच विरून जाते. ओळखण्याची खूण अशी : पान उजेडाकडे धरले तर खऱ्या सोन्यातून हिरवट-निळसर उजेड झिरपताना दिसतो. पितळेच्या पानातून उजेड येत नाही.

काचेसाठी २३ कॅरेटच्या आसपासचे, सुटे पान मागा. कागदावर दाबून चिकटवलेली ‘ट्रान्स्फर’ पानेही मिळतात. ती लाकडावर, बाहेरच्या फलकावर उपयोगी असतात, पण काचेवरच्या पाण्याच्या कामाला ती कागद सोडत नाहीत.

मिठाईचा सोन्याचा वर्ख खरा असला तरी जाडी कमीजास्त असते आणि त्यात बारीक भोके असतात. तो वापरायचाच असेल तर दोन थर द्या आणि मागून काळ्याऐवजी पिवळसर मातकट रंग लावा, म्हणजे भोके उठून दिसत नाहीत. चांदीचा वर्ख लावता येतो, पण हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. त्यामुळे मागून रंग आणि वार्निशने तो पूर्ण बंद करणे भाग आहे.

किती पाने लागतील, हेही अनेकांनी विचारले आहे. वरच्या मापाच्या किनारीला मधोमध धरून लांबी सुमारे १२५० मिमी होते. पानाच्या ४० मिमी रुंद दोन पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर ५ मिमी चढवली, तर कोपऱ्यांसह १८ पट्ट्या लागतात, म्हणजे ९ पाने. फटी बुजवायला आणखी तीन-चार. एका पुस्तिकेत अशा दोन तसबिरी होतात. हात बसला की पानाच्या तीन पट्ट्या करून सहा पानांतही पहिला थर होतो, पण पहिल्या कामात एवढी काटकसर नको.

प्रश्न : वर्ख प्रत्यक्ष लावायचा कसा, हे सुरुवातीपासून सांगाल का? (एक वाचक, रत्नागिरी, हाच प्रश्न आणखी अनेकांचा)

निम्मे काम सफाईचे आहे. काच आधी भांड्याच्या साबणाने धुवा. मग रंगाच्या दुकानातली चॉक पावडर मलमलच्या कापडातून चाळून घ्या, पाण्यात कालवा आणि ओल्या कापसाने काचेची पाठ घासा. वाळून पांढरी धुरकट झाली की कोऱ्या कापसाने पुसा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात द्या. फवाऱ्याचे काच-क्लीनर वापरू नका, त्यातली काही एक पातळ थर मागे ठेवतात. आता काच उभी धरून डिस्टिल्ड वॉटर ओता. पाणी सलग पडद्यासारखे उतरले तर काच स्वच्छ आहे. कुठे थेंब गोळा झाले किंवा पाणी फाटले तर तिथे तेलकट डाग आहे, पुन्हा घासा. यानंतर काच फक्त कडेला धरायची.

चिकटवण्यासाठी जिलेटिनचे अगदी पातळ पाणी लागते. औषधाच्या रिकाम्या, ‘००’ मापाच्या जिलेटिन कॅप्सूल घ्या. ५०० मिली डिस्टिल्ड वॉटरला दोन कॅप्सूल पुरतात, वजनात जेमतेम पाव ग्रॅम. ५० मिली गरम पाण्यात त्या पूर्ण विरघळू द्या, मग उरलेले पाणी घाला आणि कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. खळखळून उकळू नका, चिकटपणा कमी होतो. कॅप्सूल मिळाल्या नाहीत तर बिनरंगी, बिनस्वादाची जिलेटिन पूड १ ग्रॅम १०० मिली पाण्यात विरघळवा आणि त्यातले २५ मिली, ४७५ मिली पाण्यात मिसळा. हे पाणी त्या दिवशीच वापरा. आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी त्याला वास येऊ लागतो.

पंखा बंद, खिडक्या बंद. याला पर्याय नाही. पंख्याच्या मंद वाऱ्यानेही पान घडी होऊन फुकट जाते. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा.

नमुन्याचा ट्रेसिंग पेपर काचेच्या पुढच्या बाजूला चिकटवलेला असेल. काच एखाद्या फळीला टेकवून जवळजवळ उभी, थोडी कललेली ठेवा, म्हणजे जास्तीचे पाणी खाली निथळेल. आडव्या काचेवर पाणी साचते आणि वाळल्यावर ढगासारखे डाग राहतात. पान चामड्याच्या गादीवर घेऊन बोथट धारेच्या सुरीने कापतात. गादी नसेल तर पान पुस्तिकेच्या दोन कागदांमध्ये ठेवून कागदासकट कात्रीने कापा. उचलायला खारीच्या केसांचा रुंद, पातळ, चपटा ब्रश असतो. तो गालावरून एकदा फिरवला की त्वचेचा किंचित तेलकटपणा केसांना लागतो आणि पान त्याला धरते. केसांवरून फिरवणारेही आहेत, पण डोक्याला खोबरेल लावलेले असेल तर ते करू नका : तेल जास्त होते, पान ब्रशला चिकटून फाटते आणि तेच तेल काचेवर जाते. ब्रश नसेल तर पुस्तिकेचा वरचा कागद बोटभर मागे दुमडून पानाची कड उघडी करा आणि पुस्तिकेतूनच पान काचेवर उतरवा.

मऊ, रुंद कुंचल्याने जिलेटिनचे पाणी भरपूर लावा. काच नुसती ओलसर नको, तिच्यावरून पाणी वाहिले पाहिजे. पट्टी काचेजवळ नेली की शेवटच्या अंतरावर पान स्वतःच झेप घेऊन पाण्यावर बसते. ते ओढू नका, सरकवू नका, ब्रशने दाबू नका. वरच्या बाजूपासून सुरुवात करून खाली या. खालून वर गेलात तर वरचे पाणी खाली लावलेल्या सोन्यावरून वाहते आणि ते सरकते. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर ५ मिमी चढवा.

सुरुवातीला सोने सुरकुतलेले आणि मंद दिसते. पाणी उडू लागले की ते ताणले जाते आणि एकेका भागात चकाकी येते. कोरड्या हवेत याला अर्धा तास लागतो, पावसाळ्यात कितीतरी जास्त. सगळे चकचकीत झाल्यावरच कापसाच्या मऊ बोळ्याने, जवळजवळ वजन न देता, एका दिशेने पुसा. सुटे कण निघून जातील आणि फटी उघड्या पडतील. त्या फटींवर पुन्हा जिलेटिनचे पाणी एकाच फटक्यात लावून तुकडे बसवा. त्याच जागी कुंचला दुसऱ्यांदा फिरवला तर खालचे सोने उठते. जोड पुढून दिसत नाहीत, कारण काचेला लागलेला पहिला थरच दिसतो.

दुसरा थर वाळल्यावर काच आधी कोमट करून घ्या आणि वरच्या कडेवरून गरम, पण उकळते नव्हे असे डिस्टिल्ड वॉटर हळूच सोडा. जास्तीचे जिलेटिन धुऊन जाते आणि चकाकी एकदम स्वच्छ होते. थंड काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. मग रात्रभर वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी नमुना सोन्याच्या पाठीवर उतरवायचा. सोन्यामागे ट्रेसिंग नीट दिसत नाही, म्हणून नमुन्याच्या कागदाला सुईने रेघेवर बारीक छिद्रे पाडा, कागद उलटा ठेवा आणि गेरूची पोटली हलकेच आपटा. रांगोळीच्या छिद्रांच्या कागदासारखीच ही रीत आहे. ठिपके जुळवून जिथे सोने राहायला हवे तिथेच ऑइल इनॅमलचा पातळ हात द्या. सरळ रेघांसाठी कंपासपेटीतले, दोन पात्यांमध्ये रंग धरणारे रूलिंग पेन उत्तम. पट्टीखाली दोन टोकांना नाणी चिकटवा, म्हणजे रंग पट्टीखाली शिरत नाही. रंग २४ तास वाळल्यावर ओल्या कापसाला चॉक पावडर लावून मागून घासा : रंग नसलेले सोने निघून जाते, रंगाखालचे राहते. बाहेरच्या लांब कडा स्टीलची पट्टी धरून ब्लेडच्या एकाच ओढीने कापा.

शेवटचा हात वार्निशचा. तो रंगाच्या कडेबाहेर दीड-दोन मिमी कोऱ्या काचेवर गेला पाहिजे. जिलेटिन पाण्यात विरघळते, आणि ओल शिरते ती कडेनेच. कोकणातल्या वाचकांनी हा हात कधीही गाळू नये.

प्रश्न : सोने लागले, पण पुढून धुरकट दिसते. एका ठिकाणी तर मागचा रंग लावताच पापुद्रा सुटला. (एक वाचक, पुणे)

धुरकटपणाची तीन कारणे असतात. जिलेटिन जास्त झाले असेल, तर सगळीकडे सारखी दुधट छटा येते. त्यावर गरम पाण्याचा हात हाच उपाय, मागचा रंग लावण्याआधी. नळाचे पाणी वापरले असेल तर क्षारांचे पांढरे ठिपके किंवा वर्तुळे दिसतात. त्याला उपाय नाही, पुसून नव्याने करा. बोटाचा ठसा राहिला असेल तर ठशाच्या आकाराचाच डाग दिसतो.

पापुद्रा सुटला त्याचे कारण तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही मागून ॲक्रिलिक लावले. ॲक्रिलिक पाण्यात मिसळते, त्या पाण्याने जिलेटिन पुन्हा विरघळते आणि सोने रंगाबरोबर वर येते. जिलेटिनवरच्या सोन्याला मागून नेहमी तेलाचा रंग द्यावा. तोही पातळच. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो, आणि आक्रसताना सोन्याला केसासारख्या चिरा पाडतो.

प्रश्न : देव्हाऱ्याच्या दाराच्या काचेला किनार करायची आहे. जिलेटिन प्राणिजन्य असते म्हणून घरात नको म्हणतात. व्हेज कॅप्सूल चालतील का? (एक वाचक, सांगली)

नाही. व्हेज कॅप्सूलच्या पाकिटावर ‘एचपीएमसी’ लिहिलेले असते. तो सेल्युलोजपासून केलेला पदार्थ आहे, गरम पाण्यात जिलेटिनसारखा विरघळत नाही आणि त्याने ही आरशासारखी चकाकी येत नाही. जुन्या पद्धतींत अंड्याचा पांढरा बलक आणि माशाचा सरस येतो, तेही तुम्हाला चालणार नाही.

मग तेलाच्या साइजवर, म्हणजे वर्ख धरून ठेवणाऱ्या तेलकट चिकट थरावर, सोने लावा. मुलाम्याच्या सामानात ‘ऑइल साइज’ मिळते, त्यात तीन तासांचे आणि बारा तासांचे असे प्रकार असतात. नवख्याने बारा तासांचे घ्यावे, घाई होत नाही. पण घेताना घटक वाचा. नमुना थेट साइजनेच काचेच्या पाठीवर काढायचा, शक्य तितक्या पातळ थरात. जिथे साइज तिथेच सोने राहते, त्यामुळे नंतर खरवडायचे काम उरत नाही. वेळ ओळखण्यासाठी बोटाची पाठ हलके टेकवा : चिकटपणा जाणवतो, काढताना बारीक ‘टिक्’ असा आवाज येतो, पण बोटाला काही लागत नाही. याच्या आधी सोने लावले तर ते बुडून तपकिरी दिसते, नंतर लावले तर चिकटत नाही.

काच आणि सोने यांच्यामध्ये तेलाचा थर असल्याने आरसा होत नाही, रेशमी मंद सोने दिसते. देव्हाऱ्यात समईच्या उजेडात ते फार शोभते. आमच्या मते तिथे चकचकीत किनारीपेक्षा हीच बरी. दाराला ४ मिमी काच घ्या, बिजागरीची भोके आधीच पाडून घ्या आणि रंगाची बाजू देव्हाऱ्याच्या आत येऊ द्या. मात्र आत उदबत्तीचा आणि तेलाचा धूर बसतो, म्हणून मागचे वार्निश दोन हात लावा आणि पुसताना कोरडे फडकेच वापरा.

प्रश्न : सोन्यामध्ये केसासारख्या काळ्या रेघा कशा येतात? कुंचल्याने एवढी बारीक रेघ निघत नाही. (एक वाचक, नागपूर)

ती रेघ रंगवलेली नसते, कोरलेली असते. जिलेटिनवरचे सोने रात्रभर वाळले की मागून टोकदार काडीने सोने खरवडून रेघ काढतात आणि त्यावर काळा रंग देतात. खरवडलेल्या जागी काळा दिसतो. बांबूची काडी किंवा टूथपिक घासून टोक करा, सुई फक्त अगदी बारीक कामाला. स्टीलची सुई जोरात दाबली तर काचेवर ओरखडा राहतो आणि तो पुढून चमकतो. खरवडलेले कण मऊ कुंचल्याने झटका, फुंकर मारू नका. श्वासातल्या ओलीने सोन्याखालचे जिलेटिन मऊ पडते.

दुसरा मार्ग म्हणजे आधी काळी रेघ रूलिंग पेनने काचेवर काढून मग वर सोने लावणे. त्यात रंग किमान दोन दिवस वाळू द्या. ताज्या इनॅमलवर जिलेटिनचे पाणी टिकत नाही, गोळा होऊन सरकते, आणि नेमके रेघेच्या दोन्ही कडांना सोने लागत नाही.

काळ्या-सोनेरी पट्ट्यांच्या या किनारीला मोठा इतिहास आहे. इटलीतल्या चेन्निनो चेन्निनी याने १४०० सालाच्या आसपास काचेला अंड्याच्या पांढऱ्या बलकाने सोने लावून सुईने चित्र कोरायची आणि मागून रंग भरायची कृती लिहून ठेवली. १८व्या शतकात पॅरिसमध्ये झाँ-बाप्तिस्त ग्लोमी हा चित्रांच्या चौकटी करणारा व्यापारी छापील चित्रांभोवती काचेच्या पाठीवरच काळ्या-सोनेरी रेघांची किनार काढून देत असे, आणि पुढे त्याचेच नाव या कामाला चिकटले. त्याच शतकात चीनमधल्या कँटन बंदरातून काचेवरची उलटी चित्रे व्यापारी जहाजांनी बाहेर जात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी काचचित्रे आहेत. गेलात तर त्यांच्या कडा जवळून पाहा.

प्रश्न : सोन्याबरोबर लाल-हिरवी फुले हवी आहेत. रंग मंद आणि मळकट दिसतात. (एक वाचक, बेळगाव)

क्रम उलटा करा. लाल फुलावर पांढरा ठिपका हवा असेल तर आधी ठिपका, मग गडद लाल छटेची रेघ, मग लाल रंग, सगळ्यांत शेवटी जमीन, म्हणजे फुलामागचा रंग. प्रत्येक रंग हाताला न लागण्याइतका वाळू द्या. काम चालू असताना पुढून कसे दिसते ते कळत नाही, म्हणून काच दोन ठोकळ्यांवर उचलून खाली आरसा ठेवा.

माणकासारखा लाल हवा असेल तर अपारदर्शक इनॅमल सोडा. स्पिरिट किंवा थिनरवर चालणारा पारदर्शक काचरंग घ्या, तो वाळल्यावर मागे किंचित चुरगळलेला चांदीसारखा बेगड ठेवा आणि फक्त कडांना चिकटवा. उजेड रंगातून आत जातो, बेगडावरून परततो आणि फूल उजळते. बेगड सगळीकडून चिकटवला तर डिंकाचे डाग पुढून दिसतात.

प्रश्न : पितळेच्या पानांची किनार वर्षभरात कडेने हिरवी पडली. (एक वाचक, पणजी)

दमट, खारी हवा तांब्याला लागली. पितळेचे पान पाण्याने लावू नका. ते सोन्यापेक्षा कितीतरी जाड असते, एवढ्या पातळ जिलेटिनने नीट बसत नाही, आणि अडकलेले पाणी आतून गंज धरते. तेलाच्या साइजवर लावा, दोन दिवसांनी वार्निश द्या, कडेबाहेर तीन मिमी न्या. तरीही समुद्रकाठी ते काही वर्षांचेच आहे. सोने काळे किंवा हिरवे पडत नाही, त्यामुळे लहान तसबिरीला खरे सोने शेवटी स्वस्त पडते. पितळेच्या भुकटीचा ‘गोल्ड’ रंग मात्र काचेमागे लावू नका. पुढून तो मोहरीसारखा पिवळा-तपकिरी दिसतो.

प्रश्न : पणजोबांच्या काळची काचेवर रंगवलेली तसबीर आहे. किनारीचे पापुद्रे सुटले आहेत. घरी दुरुस्त करता येईल का? (एक वाचक, वाई)

करू नका. फ्रेमवाल्यालाही काच बदलू देऊ नका. इथे काच म्हणजेच चित्र आहे, आणि असे चित्र जुनी काच समजून टाकून दिले जाऊ शकते. तसबीर भिंतीवरून उतरवून रंगाची बाजू वर करून आडवी ठेवा, म्हणजे सुटलेले पापुद्रे आपल्या जागी पडून राहतील. सुटे तुकडे मिळाले तर लहान डबीत, कुठल्या कोपऱ्यातले ते लिहून ठेवा. मागून कापूस, पाणी, सेलोटेप, फेव्हिकॉल यांतले काहीही लावू नका. पुढची काच पुसायची असेल तर फडके किंचित ओले करून मधला भागच पुसा, कडेला जाऊ नका. फवारा तर नकोच, कारण पाणी फ्रेमच्या खाचेतून मागे उतरते. दोन-तीन दिशांनी उजेड टाकून पुढून आणि मागून फोटो काढून ठेवा आणि संग्रहालयाच्या संवर्धन विभागाकडे विचारा.

पुन्हा फ्रेम करताना काचेच्या पाठीला काहीही टेकता कामा नये. चारही बाजूंनी ३ मिमी जाडीच्या आम्लरहित पुठ्ठ्याच्या पट्ट्या खाचेत ठेवा, मग मागची पाटी बसवा. हार्डबोर्ड थेट लावू नका. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे दोन तुकडे चिकटवा, म्हणजे पावसाळ्यात भिंत ओल धरली तरी तसबिरीमागे हवा खेळती राहील. बाहेरच्या, पाणी झिरपणाऱ्या भिंतीवर ती पुन्हा टांगू नका.